चौसष्ट दिवस आणि नऊ दिवस

१२ ऑक्टोबर १९६४, उंद्री

आज दुपारी वर्क ऑर्डर हातात आली. गावाखालच्या नाल्यावर चार गाळ्यांचा पूल. खाली दगडी खांब, वर काँक्रीटचा स्लॅब, मुदत ३१ मे. आजवर मी दोन विहिरी बांधल्या आणि शाळेची एक खोली. पूल पहिलाच. पावसाळ्यात हा नाला भरला की पलीकडच्या चार गावांचा बाजार बुडतो. बाळंतीण अडली तर माणसं बाज खांद्यावर घेऊन काठावर बसून राहतात. म्हणून निविदा भरली. आणि खरं सांगायचं तर शेतीत आता मन रमत नाही म्हणूनही भरली.

कोकिळेनं कागद देवापाशी ठेवला, हात जोडले आणि लगेच उचलून पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. बायको माझी सातवी झालेली आहे, पण वाचते वकिलासारखी. म्हणाली, आपल्याकडून उशीर झाला तर रोजचा दंड लिहिला आहे, त्यांच्याकडून उशीर झाला तर काय ते कुठं लिहिलं आहे? मी म्हटलं, सरकार कुठं उशीर करते. ती हसली आणि चुलीकडे गेली.

२६ ऑक्टोबर

रोहिणखेडहून कारभारी मिस्त्री आले, बायकामुलांसकट. नाल्याकाठी झोपड्या घातल्या. साठीचा माणूस, पण दगड हातात घेऊन नुसता वाजवून सांगतात की तो फुटेल की टिकेल. कुणाकडे शिकलात विचारलं तर म्हणाले, गावच्या जुन्या मशिदीच्या भिंतीकडे पाहत पाहत शिकलो, तिचे सांधे अजून नखाले लागत नाहीत. असा माणूस मिळाला हे माझं नशीब. खामगावहून मिक्सरही महिन्याच्या भाड्यानं आणून ठेवला.

८ नोव्हेंबर

बांधकाम खात्याचा ओव्हरसियर आला. निवृत्ती कंकाळ, मूळ जानेफळचा, चाळिशीतला. गावात एक खोली घेऊन राहतो. सायकलच्या कॅरियरला फडक्यात भाकर आणि एक जाड रजिस्टर बांधलेलं. चहा पुढे केला तर म्हणाला, माझा मी पितो. पहिल्याच दिवशी आमच्या दोन गाड्या रेतीतली मूठभर घेऊन पाण्यात सोडली, पाणी गढूळ झालं, आणि म्हणाला, "रेती धुवून आना. ही चालनार नाही."

मग बाभळीखाली बसून रजिस्टरात लिहिलं. कॉपिंग पेन्सिलनं, म्हणजे खोडायची सोयच नाही. मी डोकावलो. 'रेती नापास. ठेकेदारास सांगितले.' माझ्याविरुद्ध पहिला कागद तयार झाला. पण दुपारी हाच माणूस धोतर खोचून गार पाण्यात उतरला आणि खड्ड्याचं माप स्वतः घेतलं, हेही लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर

आज वाईट झालं. नकाशात आठ फुटांवर कठीण मुरूम दाखवला आहे. आम्ही चौदा फूट खाली गेलो तरी काळी माती संपेना. कारभारी मिस्त्रींनी पहार मारली, ती लोण्यात जावी तशी गेली. कंकाळनं पहार स्वतः मारून पाहिली आणि म्हणाला की या पायावर खांब उभा करू देणार नाही, वरून नवा नकाशा येईपर्यंत काम बंद. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाला, ते माझ्या हातात नाही.

३ डिसेंबर

नकाशा नाही. अडतीस मजूर रोज येऊन बसतात. मिक्सर ताडपत्रीखाली उभा. कंकाळ रोज सकाळी येतो, माणसं मोजतो, मिक्सरला हात लावून पाहतो, चौकीदाराला नाव विचारतो (रोज तेच नाव), आणि लिहितो. काम नाही तर काय लिहितो हा माणूस? माझा गळा कापायला धार लावून राह्यला, दुसरं काही नाही. पण नेमानं लावतो. थंडीत बोटं आखडतात, तर फुंकर घालून लिहितो.

१९ डिसेंबर

खात्याच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथले मोठे साहेब बोलायला गोड. नकाशा नागपूरहून यायचा आहे, आला की लगेच पाठवतो, मुदतीची काळजी करू नका म्हणाले. जीव हलका झाला. घरी आल्यावर कोकिळेनं विचारलं, हे त्यांनी कागदावर दिलं का? मोठ्या माणसाच्या शब्दाला कागद कशाला. तरी तिच्या समाधानासाठी एक पोस्टकार्ड टाकलं.

९ जानेवारी १९६५

मजूर कंटाळून पांगायला लागले. कारभारी मिस्त्रींना अर्ध्या मजुरीवर थांबायला सांगितलं. थांबले.

कोकिळा आज पाण्याला जाताना नाल्यावरून आली. म्हणाली, "तो मानूस कामच नाही तरी रोज लिहून राह्यला. तुमी काऊन नाही लिहत?" मी म्हटलं, ही वही काय आहे मग. म्हणाली, तिच्यात तुमच्या मनातलं असते, नाल्यावरचं नसते.

२७ जानेवारी

नकाशा आला! पाया अठरा फुटांवर. आणि नेमका आत्ता आला. परवापासून उरलेले सगळे मजूर मी आमच्या वेचणीला लावले आहेत. बोंडं फुटून कापूस लोंबतो आहे, आज वेचला नाही तर वाऱ्यानं मातीत जाईल. कंकाळ शेताच्या बांधापर्यंत चालत आला, नकाशा आल्याचं सांगितलं आणि कामावर माणसं कधी येतील विचारलं. म्हटलं, येतीलच. दोन महिने त्यांनी घालवले, चार-आठ दिवसांनी काय होते.

४ फेब्रुवारी

वेचणी संपली. एकवीस मण जास्त निघाला. उद्यापासून माणसं नाल्यावर. कारभारी मिस्त्री सांगत होते की हे सगळे दिवस कंकाळ रोज येऊन रिकाम्या खड्ड्यापाशी उभा राहून जात होता.

१८ मार्च

दीड महिना ही वही उघडली नाही. वेळच नव्हता. तिन्ही खांब जमिनीवर आले. कारभारी मिस्त्रींचा सांधा पाहून कंकाळनं बोट फिरवलं आणि काही बोलला नाही. मिस्त्री म्हणाले, हे त्याचं कौतुक असते. पण मागच्या आठवड्यात यानंच एका खांबाचा हातभर भाग पाडायला लावला, आत पोकळी आहे म्हणून. पाडला तर खरंच मुठीएवढी पोकळी निघाली. याला बाहेरून कशी दिसली असेल.

२ एप्रिल

वीस मार्चपासून सिमेंट नाही. करारात सिमेंट खात्यानं द्यायचं आहे, बाहेरून घेता येत नाही, आणि घ्यायचं म्हटलं तरी मिळत नाही. मलकापूरला वॅगन येते, ती दुसऱ्याच कामाकडे जाते म्हणतात. ऊन चढत चाललं. मुदतीचे दोन महिने उरले. घरात मी चिडचिड करतो आहे हे मला कळतं.

१२ एप्रिल

मोठ्या साहेबांची जीप आली. माझ्याशी हसून बोलले, मग कंकाळला घेऊन बाभळीखाली गेले. अर्धा तास बोलणं चाललं. साहेबांचा आवाज चढलेला ऐकू येत होता, कंकाळचा येत नव्हता. एकदा साहेबांनी रजिस्टरावर बोट आपटलं. मला वाटतं, काम सरकत नाही म्हणून त्याला झापलं, आणि त्यानं सगळं माझ्यावर ढकललं असणार.

जीप गेली. मग कंकाळनं ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढलं, माझ्याकडे आला आणि म्हणाला, चला, गोदाम पाहू. मी म्हटलं, काल तर पाहिलं. तो म्हणाला, आज पाहू. कुलूप काढलं. आत दोन उंदीर आणि रिकामी गोणपाटं. त्यानं बाहेर येऊन रजिस्टरात लिहिलं आणि माझी सही मागितली. न वाचता केली. याच्याशी हुज्जत कोण घालणार.

२४ जून

सिमेंट वीस एप्रिलला आलं. त्यानंतर रात्रंदिवस माणसं राबली. खांब पूर्ण झाले, पण स्लॅबखाली टेकूंची सेंट्रिंग पुरती उभी व्हायच्या आतच आज नाल्याला पाणी आलं. बांबू काढताना दोन वाहून गेले. आता दसऱ्यापर्यंत काही नाही. पाण्यातून तीन खांब नुसते वर आलेले दिसतात. पलीकडून एक म्हातारा ओरडून विचारत होता, यंदा बी असंच का?

२० डिसेंबर

पूल झाला. आज सेंट्रिंग काढली. पहिला टेकू निघायच्या आधी कंकाळ गाळ्याखाली जाऊन उभा राहिला. म्हटलं, बाहेर या. तो म्हणाला, "मी पास केला हाय. मीच उभा राह्यतो." टेकू निघाले. स्लॅब केसभर हलला नाही. मला वाटलं त्याच्या पाया पडावं, पण पडलो नाही. कारभारी मिस्त्रींची नात पुलावरून पहिली पळाली.

११ जानेवारी १९६६

नोटीस. मुदत संपल्यापासून दोनशे तीन दिवस उशीर, तो सर्व ठेकेदाराच्या हलगर्जीपणामुळे. रोजचा दंड कापून माझी अनामत जप्त, शेवटचं बिल अडवलं, वर मला काळ्या यादीत टाकण्याची शिफारस. खाली गोड बोलणाऱ्या साहेबांची सही.

तीनदा वाचली. कोकिळेनं एकदा वाचली आणि म्हणाली, उद्याच बुलढाण्याला जा.

१७ जानेवारी, बुलढाणा

रामराव वकिलांकडे दोन तास. पातळ अंगाचे, बोलताना डोळे मिटतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं खरं असेल, पण लवादापुढे तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. कोणकोणते दिवस काम बंद होतं, ते कुणामुळे बंद होतं, आणि त्या दिवसांमुळे पुढचा उशीर कसा झाला. नुकसान त्याच्या नंतर. खातं म्हणणार की पाऊस हा तुमचा धोका. आपल्याला सांगायचं आहे की हिवाळ्यातले दिवस त्यांनी खाल्ले म्हणून काम पावसात ढकललं गेलं.

मग विचारलं, कागद काय आहेत? माझ्याजवळ एक पोस्टकार्ड. साहेबांचा शब्द सांगितला तर रामरावांनी डोळे उघडले नाहीत. शेवटी म्हणाले, रोजचा हिशेब ठेवणारा कागद एकच आहे, साइट रजिस्टर. ते आपण मागवू. मी म्हटलं, वकीलसाहेब, ते तर माझ्याविरुद्ध लिहिलेलं आहे. लिहिणारा माझा वैरी आहे. ते म्हणाले, तुम्ही ते वाचलं आहे का?

नाही वाचलं. एक ओळ सोडून.

तुम्ही स्वतः काही लिहून ठेवता का असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. का म्हटलं ते इथे लिहीत नाही.

६ मार्च

लवाद नेमले गेले. दुसऱ्या भागातले निवृत्त मुख्य इंजिनिअर आहेत म्हणे. आमचा अर्ज आज गेला. नकाशासाठी थांबलो ते दिवस त्र्याहत्तर लिहिले, २४ नोव्हेंबर ते ४ फेब्रुवारी. सिमेंटचे एकतीस. रामरावांनी विचारलं, ४ फेब्रुवारी पक्कं ना? हो म्हटलं. माणसं नाल्यावर आली ती पाचलाच. त्यात खोटं काय आहे.

घरी आल्यापासून कोकिळा माझ्याशी कमी बोलते. अर्जाची नक्कल तिनं वाचली आहे.

१८ एप्रिल, बुलढाणा

डाकबंगल्यावर सुनावणी. लवादसाहेब सत्तरीचे, खादीचा कोट, समोर पाण्याचा पेला आणि भिंतीच्या दिनदर्शिकेएवढा मोठा कागद. आल्याबरोबर त्या कागदावर महिन्यांच्या उभ्या रेघा ओढल्या आणि म्हणाले की कोण चांगलं बोलतं ते मला ऐकायचं नाही, या रेघांमध्ये काय भरायचं ते सांगा. असा माणूस मी पाहिला नव्हता.

रामरावांनी रजिस्टर मागितलं. मोठे साहेब उठले आणि म्हणाले की रजिस्टर गहाळ झालं आहे, कदाचित साइटवरच पावसात भिजून गेलं असावं. माझं अर्धं मन खचलं आणि खोटं कशाला बोलू, अर्धं सुटलं.

लवादसाहेबांनी विचारलं, रजिस्टर शेवटचं कुणाजवळ होतं. मागच्या बाकावरून कंकाळ उठला. खात्यानं त्याला आपला साक्षीदार म्हणून आणला होता. इस्त्रीचा सदरा घातलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

"माझ्याजवळ होतं साहेब. भिजलं नाही. अठ्ठावीस डिसेंबरले कार्यालयात जमा केलं. पोच हाय."

खिशातून चौघडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. लवादसाहेबांनी पोच वाचली, परत घडी घातली आणि मोठ्या साहेबांकडे न पाहता म्हणाले, "उद्या सकाळी दहाला रजिस्टर या टेबलावर असेल."

संध्याकाळी धर्मशाळेत कंकाळ दिसला, एकटाच भाकर खात होता. जवळ जाऊन बोलावं वाटलं. त्यानं लांबूनच हात हलवून नको म्हटलं. रामराव म्हणाले, बरोबर केलं त्यानं, साक्ष संपेपर्यंत तुमच्याशी बोलणं योग्य नाही. मला हेही सुचलं नव्हतं.

१९ एप्रिल

रजिस्टर आलं. आज जे झालं ते नीट लिहितो.

लवादसाहेबांनी ते स्वतः मोठ्यानं वाचलं, पहिल्या पानापासून. रेती नापास आली. मग २४ नोव्हेंबर: नकाशा नाही. मजूर ३८ हजर, काम नाही. मिक्सर उभा. चौकीदार हजर. पुढचा दिवस: नकाशा नाही. मजूर ३८. मिक्सर उभा. चौकीदार हजर. पुढचा. त्याच्या पुढचा. मला वाटलं दोन-चार वाचून ते पानं उलटतील. नाही. एकेक दिवस वाचला आणि एकेक दिवसाला मोठ्या कागदावर पेन्सिलीची खूण केली. चौसष्ट वेळा. थंडीत फुंकर घालून लिहिलेली ती अक्षरं शेवटपर्यंत एकसारखी होती. जिला मी माझ्या गळ्यावरची धार म्हणत होतो, तेच माझं एकमेव बळ होतं. माझी मान खाली गेली.

मग सत्तावीस जानेवारी. 'नकाशा आला. मजूर नाहीत. ठेकेदाराच्या शेतात वेचणीस.' अठ्ठावीस, तेच. एकोणतीस, तेच. चार फेब्रुवारीपर्यंत नऊ दिवस. खात्याचे वकील ताडकन उठले, म्हणाले, पाहा, अर्जदारानं त्र्याहत्तर दिवस मागितले, त्यात नऊ दिवस उघड खोटे आहेत, मग बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा. रामराव माझ्या कानाशी लागले. सांगा की दोन महिने काम बंद ठेवल्यावर मजूर पांगणारच, त्यांना परत गोळा करायला वेळ लागतो, हे नैसर्गिक आहे. ते सांगता आलं असतं. पण उरलेले मजूर पांगले नव्हते. माझ्याच कापसात होते.

मी उभा राहिलो.

"साहेब, रजिस्टर खरं हाय. ते नऊ दिवस माझे हायेत. मी ते खात्याच्या नावावर लिवले. ते काढून टाका."

रामरावांनी डोळे मिटून घेतले. लवादसाहेबांनी नऊ घरांत वेगळ्या रंगाची पेन्सिल फिरवली. कंकाळला विचारलं, हे तुम्ही ठेकेदाराला अडचणीत आणायला लिहिलं होतं का?

"नाही साहेब. त्या दिवशी मजूर नव्हते."

दुपारनंतर सिमेंटचं निघालं. खात्याचे वकील म्हणाले, बारा एप्रिलला वरिष्ठांनी स्वतः पाहणी केली, गोदामात पोती होती, ओव्हरसियरनं निष्काळजीपणे शून्य लिहिलं. मोठे साहेब समोरच्या खुर्चीवर बसले होते. कंकाळनं त्यांच्याकडे पाहिलं. साहेब म्हणून पाहायचं तसंच, मानानं. आणि म्हणाला, "साहेब जीपीनं गेल्यावर मी आन् ठेकेदारानं मिळून कुलूप काढलं. पोतं एक बी नव्हतं. दोघायच्या सह्या हायेत."

माझी न वाचता केलेली सही. बाभळीखालचा चढलेला आवाज माझ्या कामासाठी नव्हता, या शून्यासाठी होता, हे मला एका वर्षानं आज कळलं.

शेवटी लवादसाहेबांनी हिशेब मांडला. खात्याचे चौसष्ट आणि एकतीस, म्हणजे पंच्याण्णव दिवस. ते नसते आणि ठेकेदाराचे फक्त नऊ असते, तर काम नऊ जूनला संपतं. आणि नाल्याला पाणी कधी आलं? पान उलटलं. चोवीस जून. "म्हणजे पावसात काम कुणी ढकललं ते या कागदावर दिसतं," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

घरी येऊन कोकिळेला सगळं सांगितलं. नऊ दिवसांचं सांगताना थांबलो. तिनं ताट वाढलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर जेवायला बसली.

११ जून

निवाडा आला. दंड रद्द, नऊ दिवसांचा सोडून. अनामत परत. काळ्या यादीची शिफारस मागे घ्यावी. पंच्याण्णव दिवसांचं मिक्सरचं भाडं आणि चौकीदाराची मजुरी मंजूर, कारण 'मिक्सर उभा, चौकीदार हजर' हे रोज लिहिलेलं. कारभारी मिस्त्रींना थांबवून घेतल्याची अर्धी मजुरी मात्र नामंजूर. तो आमच्यातला तोंडी बोल होता आणि रजिस्टरात यायचं कारण नव्हतं. रामराव म्हणाले, जे लिहिलं होतं ते सगळं मिळालं, जे नव्हतं ते नाही. आणि असंही म्हणाले, "त्या नऊ दिवसांवर तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं केस गेली. केस तिथंच जिंकलो."

मी मनात म्हटलं, जिंकलो ते कंकाळ रोज सकाळी सायकलवर यायचे तेव्हा.

२७ जून

कंकाळसाहेबांची बदली सिरोंच्याला झाली. कुणीतरी बाजारात हसत सांगितलं. चांदा जिल्ह्याच्या पार शेवटाला, नद्यांवर पूल नाहीत, पावसाळ्यात चार महिने तिथून कुणी निघत नाही की जात नाही. परवा निघणार. मुलगी मेहकरला शाळेत आहे, तिला आजीजवळ ठेवून जातील. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. कोकिळा म्हणाली, येरझाऱ्या घालून काय होते, चिखलीले जा.

२९ जून

चिखलीच्या स्टँडवर खामगावच्या गाडीपाशी ते दोघं उभे होते. एक पेटी, एक वळकटी, सायकल वर टपावर बांधलेली. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंना मी आज पहिल्यांदा पाहिलं. किडकिडीत, ताठ.

काय बोलावं ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, साहेब, नोकरी सोडा, माझ्याजवळ या, दुप्पट पगार देतो, माझ्या कामावर तुमच्याशिवाय कुणी नको. ते हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले की सिरोंच्यालेही बांधकाम असते.

"माझ्यासाठी तुमचं हे झालं," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी नाही लिहिलं, महादेवराव. सिमेंट नव्हतं म्हनून नाही असं लिहिलं."

अन्नपूर्णाबाई पेटीवरून म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नका. माह्या सख्ख्या भावाची रेती बी यायनं वापस धाडली होती. तो अजून माह्या घरी येत नाही." असं म्हणून त्याच जरा अभिमानानं नवऱ्याकडे पाहू लागल्या.

गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून वाकून त्यांनी मला एक काम सांगितलं. पुलाच्या मधल्या खांबाखाली, पाणी उतरते त्या अंगाला, पहिल्या मोठ्या पुरानंतर पाया खरवडला जाण्याची भीती आहे. पाणी ओसरलं की उतरून माप घ्या आणि मला कळवा. आता ते माझं काम नाही, पण मन तिथं राह्यते, म्हणाले. मग गाडी गेली. स्टँडवर लोक होते म्हणून मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

६ ऑगस्ट

परवा नाल्याला मोठा पूर आला. स्लॅबच्या खाली दीड हातापर्यंत पाणी. पलीकडची माणसं बाजारासाठी पुलावरून आली आणि कठड्याला टेकून खालचं पाणी पाहत उभी राहिली.

आज पाणी ओसरलं. टेप घेऊन कमरेइतक्या गाळात उतरलो, कारभारी मिस्त्री काठावर दोर धरून. मधल्या खांबाचे दगड सगळे जागेवर. पण पाणी उतरते त्या अंगाला तळ खरवडला आहे. दोनदा मोजलं, माप तेच आलं. वर आल्यावर मिस्त्री म्हणाले, तुमची देखभालीची मुदत जूनमध्येच संपली, आता खात्याचं खातं पाहील. मी हो म्हटलं.

घरी येऊन अंघोळीच्या आधी पोस्टकार्ड लिहिलं. ते असं:

'सिरोंचा मुक्कामी श्री. निवृत्ती कंकाळ यांस, सा. न. वि. वि. पुरानंतर मधला खांब पाहिला. दगड शाबूत. उतरत्या अंगाला तळ अकरा इंच खरवडला आहे. काठावरून नऊ असेल असं वाटलं होतं, मोजल्यावर अकरा निघाला. मुदत संपली असली तरी दगडभराई मी करतो, सोमवारी सुरू. रेती धुतलेलीच आणली आहे. सौ. वहिनींस नमस्कार. आपला, महादेवराव.'

कोकिळेनं वाचलं आणि टपालपेटीत टाकायला स्वतः घेऊन गेली.